मराठीतून जर्मनकडे

जर्मन शिकायला बसलेल्या मराठी मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की या भाषेत नामांना तीन लिंगे असतात आणि ती पाठ करण्यावाचून इलाज नाही. सांगणारा हे इंग्रजीतून सांगतो. पुस्तकातही ते इंग्रजीतूनच समजावलेले असते. इंग्रजी बोलणाऱ्याला ही गोष्ट खरोखरच चमत्कारिक वाटत असल्याने समजावण्याचा सूर एखाद्या संकटाची पूर्वसूचना द्यावी तसा असतो. मुलगा घाबरतो. तो आंबा, ती चिंच, ते केळं असे म्हणतच आपण लहानाचे मोठे झालो, याची आठवण त्या वेळी त्याला कुणी करून देत नाही. ती आठवण करून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

छत्रपती संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. एकेकाळी शहराबाहेरचे असलेले हे गाव आता शहराचाच भाग झाले आहे. शेतांच्या जागी प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या, आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. माझ्याकडे जर्मन शिकायला येतात ती याच घरांतली मुले. कुणी नर्सिंग केलेले, कुणी आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेले, कुणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेले, तर कुणी नवऱ्याकडे जाण्यासाठी व्हिसापुरती ए-वन परीक्षा द्यायची आहे म्हणून आलेली नवविवाहिता. बहुतेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. जर्मन शिकण्याआधी जर्मन समजावणारी इंग्रजी शिकण्याचा भार त्यांच्यावर पडतो. त्यातले काही जण पहिल्या दोन महिन्यांतच वर्ग सोडतात आणि आपल्याला भाषा येत नाहीत अशी समजूत करून घेतात. त्यांना जर्मन जड गेलेलीच नसते, मध्ये उभी असलेली इंग्रजी जड गेलेली असते.

या शहराला जर्मन नावे काही नवी नाहीत. शेंद्र्याला २००१ पासून जर्मन मालकीच्या स्कोडाचा कारखाना आहे. तिथेच आउडीच्या गाड्यांची जुळणी झाली, लीबहेरचे फ्रिज तयार होऊ लागले. वाळूजला एंड्रेस प्लस हाउजरची प्रवाहमापके बनतात. तरीही कारखान्यातल्या कामाला जर्मन लागत नव्हती, ड्रॉइंग इंग्रजीत येत आणि बोलणे हिंदी-मराठीत चाले. गेल्या काही वर्षांत चित्र बदलले ते तिकडच्या गरजेमुळे. जर्मनीतील कामकरी पिढी निवृत्त होते आहे, तिची जागा घ्यायला पुरेसे तरुण नाहीत. २०२० मध्ये तिथे कुशल कामगारांच्या स्थलांतराचा नवा कायदा लागू झाला आणि २०२३ मध्ये तो आणखी सैल करण्यात आला. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला देण्याच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जर्मन सरकारने जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी थेट करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांना पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले. परिचारिकांपासून वाहनचालकांपर्यंत अनेक कामे त्यात आहेत. विद्यार्थ्यांचा ओघ तर आधीपासूनच आहे. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या आज सर्वांत मोठी आहे.

या घोषणांबरोबर गावोगावी पाट्याही लागल्या: सहा महिन्यांत जर्मन, सहा महिन्यांत जर्मनी. म्हणून आकडे आधीच सांगून टाकते. परिचारिकेला तिकडे पूर्ण मान्यता मिळायची तर सहसा बी-टू, म्हणजे सहांपैकी चौथी पातळी लागते. त्या पातळीसाठी ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, असा गोएथे इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. आठवड्याला दहा तासिका धरल्या तरी ही किमान सव्वा वर्षाची, बहुधा दीड वर्षाची मजल आहे. दागिने गहाण टाकून कुणाच्या हाती पैसे देण्याआधी प्रत्येक आईबापाने हा हिशेब मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मराठी माणूस आणि जर्मन यांची ओळख नोकरीच्या निमित्ताने झाली, असे मात्र नाही. ती झाली व्याकरणाच्या निमित्ताने. जर्मन संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. फ्रान्झ कीलहॉर्न यांनी १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवले आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती काढली. त्याच्याही आधी, १८३९-४० मध्ये, ओटो बोटलिंक यांनी पाणिनीची अष्टाध्यायी बॉनमध्ये छापून प्रसिद्ध केली होती. कीलहॉर्न यांच्यानंतर डेक्कन कॉलेजात ज्यांनी ती परंपरा पुढे नेली, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गटिंगेन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनमध्ये शिकून आले आणि तिथली पाठचिकित्सेची शिस्त त्यांनी भांडारकर संस्थेतील महाभारताच्या कामाला लावली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि तिथून पीएच.डी. घेऊन परतल्या. पुढे रंगभूमीवरही ही देवाणघेवाण झाली. विजया मेहता आणि वायमारचे फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी मिळून जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत उभा केला. पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला. ही सारी मंडळी पुण्या-मुंबईची आणि विद्वत्तेच्या वर्तुळातली होती. मराठवाड्यात त्या काळी महाविद्यालयेच विरळ होती आणि विद्यापीठ यायला १९५८ साल उजाडले. आज पडेगावातून जर्मनकडे निघालेली मुलगी बहुधा तिच्या घराण्यातली पहिलीच असते. तिच्या हातात पडणारे पुस्तक तिच्या भाषेत असावे, ही मागणी मला अगदी साधी वाटते.

परकी भाषा कशी शिकवावी याविषयीचे वाद दीडशे वर्षांहून जुने आहेत, आणि त्यातले बरेचसे जर्मनीतच झाले. एकोणिसाव्या शतकात व्याकरण-भाषांतर पद्धतीचे राज्य होते. लॅटिन जशी शिकवत तशीच इंग्रजी आणि फ्रेंचही शिकवत: नियम पाठ करा, तक्ते म्हणा, वाक्ये इकडून तिकडे उलथवा. विद्यार्थी ग्रंथ वाचू शके, पण रेल्वेचे तिकीट मागू शकत नसे. १८८२ मध्ये विल्हेल्म फिएटोर यांनी टोपणनावाने एक पुस्तिका काढून या शिक्षणाची दिशाच उलटी फिरवा, अशी हाक दिली. आधी कान, मग जीभ, मग डोळा हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास वुर्टेमबर्गहून अमेरिकेत गेलेले माक्सिमिलियान बेर्लित्झ आपल्या शाळांमधून मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवून शिकवू लागले. विसाव्या शतकात वाक्यांचे साचे घोकून घेणारी पद्धत आली आणि मागे पडली. १९७० नंतर संवादाला केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत रुजली, ती आजवर टिकून आहे.

जर्मनपुरते बोलायचे तर १९५१ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूट स्थापन झाली. भारतात तिला आपण माक्स म्युलर भवन म्हणून ओळखतो. १९५५ मध्ये डोरा शुल्त्स आणि हाइन्त्स ग्रीसबाख यांचे पाठ्यपुस्तक निघाले, त्यावर जगभरची एक पिढी जर्मन शिकली. त्यात व्याकरणाची पायरी ठामपणे बांधलेली होती. २००१ मध्ये युरोपीय परिषदेची सहा पातळ्यांची चौकट आली आणि ए-वनपासून सी-टूपर्यंतची भाषा आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी बसली. आजची क्रमिक पुस्तके देखणी आहेत, त्यांतले संवाद जिवंत आहेत. पण ती पहिल्या पानापासून जर्मनमध्ये असतात आणि ब्राझीलपासून व्हिएतनामपर्यंत सगळ्यांसाठी एकच असतात. विद्यार्थ्याच्या घरची भाषा कोणती, हा प्रश्न त्यांना विचारताच येत नाही. मग तो प्रश्न शिक्षकाने विचारायचा असतो. आपल्याकडे शिक्षक इंग्रजीकडे वळतो आणि तिथेच वाट लांबते.

मातृभाषा वर्गातून हद्दपार करावी, हे मला पटत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले, मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये त्याचे शास्त्र मांडले. त्यांच्यापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत झिरपलेल्या विभक्ती, सामान्यरूप, समास, शब्दयोगी अव्यय या संज्ञा आपल्या मुलांना माहीत आहेत. जर्मन व्याकरण समजायला याहून चांगली तयारी कोणती? २०१४ मध्ये केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मन ठेवावी की संस्कृत, यावर मोठा वाद झाला आणि जर्मन गेली. त्या दोघींना एकमेकींसमोर उभे केले, याचेच मला वाईट वाटले. विभक्ती कळलेला विद्यार्थी दोन्हींकडे सारख्याच सहजतेने जातो.

लिंगापासूनच पाहू. मार्क ट्वेनने १८८० मध्ये जर्मन भाषेवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी असल्याची भरपूर थट्टा केली आहे. ‘मेटशेन’ हा तो शब्द. पण आपण ‘ते लेकरू’ म्हणतो, ‘ते पोरगं’ म्हणतो. पिल्लू, वासरू, करडू ही सगळी लहानगी आपल्याकडे ‘ते’च आहेत. गोव्यात कोकणीतला ‘चेडूं’ हा मुलीसाठीचा शब्दही नपुंसकलिंगीच आहे. लहानपण दाखवणाऱ्या ‘शेन’ या प्रत्ययाचा प्रत्येक शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी असतो, हे मराठी कानाला एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. ‘उंग’ने संपणारी नामे स्त्रीलिंगी, ‘हाइट’ आणि ‘काइट’ने संपणारीही स्त्रीलिंगी. शेवटच्या अक्षरावरून लिंग ताडण्याची ही सवय आपल्याला आहेच: घोडा, काठी, तळे. दोन्ही भाषांतली लिंगे प्रत्येक शब्दाला जुळतील असे मात्र समजू नये. झाड आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे पुल्लिंगी. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. पाठ करावे लागतेच. पण जे पाठ करायचे ते काय आहे हे आधीच कळलेले असते. शिवाय एक सूटही मिळते. जाणारा पुरुष असो की बाई, जर्मन क्रियापद बदलत नाही.

विभक्तीची गोष्ट याहून खोल आहे, आणि या पुस्तकात सर्वांत जास्त पाने तिला दिली आहेत. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात मराठी माणूस स्वतःला कर्त्याच्या जागी ठेवत नाही. थंडी येते, ती मला वाजते. जर्मन माणूसही हेच करतो: ‘मिर इस्ट काल्ट’. यातले ‘मिर’ म्हणजे चतुर्थीतले ‘मला’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे ‘मी थंड आहे’ असे वाक्य बनवतो आणि ते ऐकणाऱ्याला भलतेच वाटते. ‘मला पुस्तक आवडते’ हे ‘डास बूख गेफेल्ट मिर’. शर्ट मला बसतो, जेवण मला रुचते, या वाक्यांचीही घडण तीच. अर्थात हे सगळीकडे लागू पडत नाही. भूक आपल्याला लागते, पण जर्मन माणसाकडे ती असते. कुठे जुळते आणि कुठे तुटते, हे जागोजागी दाखवणे हेच या पुस्तकाचे काम.

मराठीची खरी अडचण ‘ला’मध्ये आहे. ‘मी त्याला बघतो’ आणि ‘मी त्याला पुस्तक देतो’, दोन्हीकडे ‘त्याला’च. जर्मनमध्ये पहिला ‘ईन’, दुसरा ‘ईम’: पहिली द्वितीया, दुसरी चतुर्थी. इथे एक खूण उपयोगी पडते. त्या मराठी वाक्यात ‘त्याला’खेरीज ‘काय?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा दुसरा शब्द आहे का, ते पाहा. पुस्तक देतो म्हटले तर पुस्तक आहे, म्हणून चतुर्थी. ‘मी त्याला मदत करतो’ यात मदत आहे, ‘मी त्याला उत्तर देतो’ यात उत्तर आहे, आणि जर्मनमधली मदतीची आणि उत्तराची क्रियापदे खरोखरच चतुर्थी घेतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही क्रियापदे अपवाद म्हणून घोकावी लागतात, आपल्याला ती सहज समजतात. प्रश्न विचारण्याच्या क्रियापदाशी मात्र ही खूण फसते, कारण तिथे जर्मन भाषा द्वितीया वापरते. टेबलावर ठेवणे आणि टेबलावर असणे यांतही मराठी मदतीला येत नाही. आपले ‘टेबलावर’ दोन्हीकडे तेच राहते. जर्मन मात्र हालचाल असेल तर द्वितीया आणि स्थिर असेल तर चतुर्थी वापरते. अशा जागी मी मराठी बाजूला ठेवून सराव वाढवला आहे.

वाक्यरचनेत मी प्रचलित क्रम मोडला आहे, त्याचे कारण सांगायला हवे. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येते, पण ‘कारण’, ‘की’, ‘जर’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात ते शेवटी जाते. ‘वाइल इश हॉयटे निश्ट कोमेन कान’ या वाक्यातले शेवटचे दोन शब्द ‘येऊ शकतो’ याच क्रमाने आहेत. ‘आला आहे’सुद्धा गौण वाक्यात ‘गेकोमेन इस्ट’ असेच येते. क्रियापद शेवटी ठेवणे हीच जर्मनची मूळ घडण असून मुख्य वाक्यात ते पुढे सरकते, असा विचार १९६० च्या दशकात एमन बाख आणि मानफ्रेड बियरविश या भाषावैज्ञानिकांनी मांडला होता. सर्वसाधारण पुस्तकांत गौण वाक्य ए-टू पातळीला येते, कारण ते अवघड मानले जाते. मराठी विद्यार्थ्याला ते सर्वांत ओळखीचे असते. अवघड जाते ते मुख्य वाक्य, तिथल्या दुसऱ्या जागेची शिस्त. म्हणून मी गौण वाक्य बरेच आधी आणले आहे. रूढ क्रमाने शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे खटकेल. त्यांनी एका वर्गात करून पाहावे.

उच्चार आणि अंक यांची चर्चा थोडक्यात. जर्मन ‘त्सेट’चा उच्चार ‘चोर’ आणि ‘चाक’ यांतल्या ‘च’चा आहे, तो आपल्याला शिकावा लागत नाही. ओठ गोल ठेवून ‘ई’ आणि ‘ए’ म्हणण्याचे दोन स्वर मात्र रोज आरशासमोर म्हणावे लागतात. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर, जर्मनही तसेच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचन आणले तेव्हा महाराष्ट्रात किती खळबळ झाली, ते आठवत असेल. जर्मनीतही अंकांचा क्रम असाच फिरवावा म्हणून २००४ पासून एक संस्था झटते आहे.

शब्दसंग्रहाविषयी दोन जर्मन भाषिकांचे ऋण मान्य केले पाहिजे. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःच्या विस्मरणाचे मोजमाप केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांनी दाखवून दिले. झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यावर उपाय सुचवला: कप्प्यांची एक पेटी. चिठ्ठीवरचा शब्द आला तर ती पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते, नाही आला तर पहिल्या कप्प्यात. आज मोबाइलवरची ॲप हेच करतात, पण बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून केलेली पेटी तितकीच चांगली चालते. ए-वन परीक्षेची शब्दसूची सुमारे ६५० शब्दांची आहे, बी-वनची सुमारे २,४०० शब्दांची. हे आकडे पाहून दचकू नये. जर्मन भाषा शब्द जोडून शब्द करते, आणि तो व्यवहार आपल्या तत्पुरुष समासाचाच आहे. ‘ब्लूट’ म्हणजे रक्त आणि ‘ड्रुक’ म्हणजे दाब माहीत असेल तर ‘ब्लूटड्रुक’ वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे रुग्णालय, तेही जोड तसाच ठेवून. समासाचे लिंग शेवटच्या पदाचे, हा नियमही आपल्याला ठाऊक आहे.

शब्द निवडताना परीक्षेच्या सूचीबरोबर मी शिकणाऱ्यांच्या कामाकडे पाहिले. म्हणून उदाहरणांत वॉर्ड आहे, वर्कशॉप आहे, भाड्याच्या खोलीचा करारनामा आहे, नगरपालिकेच्या कचेरीतली पत्त्याची नोंदणी आहे. पर्यटकाच्या उपयोगाचे संवाद कमी आहेत. कुणाला ‘डू’ म्हणायचे आणि कुणाला ‘झी’, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलेले नाही. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतला फरक घरातच शिकलेल्या मुलांना तो एका परिच्छेदात कळतो.

हे पुस्तक ए-टूच्या अखेरीपर्यंत साथ देते. एकट्याने वाचून ते पुरे पडणार नाही. रोज थोडे जर्मन कानावर पडले पाहिजे आणि चुका दुरुस्त करणारे कुणीतरी समोर असले पाहिजे. बी-वनपासून मराठीचा आधार सोडावा आणि जर्मनमधूनच जर्मन शिकावी. तोवर समज पक्की झालेली असते आणि भाषांतर करत बसणे तिथून पुढे आडवे येऊ लागते. सरावाची उत्तरे शेवटी दिली आहेत. जिथे एकाहून अधिक उत्तरे बरोबर आहेत तिथे ती सगळी दिली आहेत, आणि उत्तर चुकले तर कोणत्या पानाकडे परत जायचे तेही लिहिले आहे.